बाबांच्या छातीसाठी आणलेली गाय

माझे बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते. तिथे रुई पिंजली जायची. ड्यूटीवरून घरी यायचे तेव्हा भुवया, कानांवरचे केस, सगळं पांढरं झालेलं असायचं. आई दारातच त्यांना टॉवेल द्यायची आणि लगेच गूळ आणि दुधाचा पेला पुढे करायची. मिलमधल्या सगळ्यांच्या घरी हेच चालायचं. दुधाने छाती धुतली जाते, आत गेलेली रुई खाली उतरते, असं खात्यावरचे मुकादम, म्हणजे जॉबर, सांगायचे, म्हातारे कामगार सांगायचे. आमच्या घरी एक वेळ भाजी नसली तर चालायचं, बाबांचं दूध चुकलं नाही.

खोकला मात्र होताच. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की छाती आवळल्यासारखी व्हायची. आई म्हणायची, "काल दूध जरा पातळ होतं, म्हणूनच."

मग मिलला टाळं लागलं. त्या दिवसांत शहरातल्या मिला एकामागून एक बंद होत होत्या, त्यामुळे आम्हाला नवल वाटलं नाही, नुसती भीती वाटली. आईला त्यातही एक चांगलं दिसलं. आता रुई नाही, म्हणजे खोकलाही जाईल. पण तो गेला नाही. जिना चढताना बाबा मध्येच थांबून कठडा धरायला लागले. त्यात घरखर्च आवळल्यामुळे दूध निम्म्यावर आलं होतं, आणि आईच्या मनात ते घट्ट बसलं. दूध कमी झालं म्हणून खोकला वाढला.

"अहो, आपण गायच पाळू," ती एक दिवस म्हणाली. "घरचं, निर्भेळ दूध पोटात गेलं की बघा."

बाबांच्या ओळखीचा एक शेतकरी सांवेरकडे होता. त्याच्याकडून उधारीवर एक गाभण गाय आणली. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावाने शांत. चाळीमागच्या पडीक जागेत बाबांनी तिच्यासाठी पत्र्याचं छप्पर केलं. विजय नगरकडे तेव्हा मोकळी मैदानं होती, बाबा तिला तिकडे चरायला न्यायचे. मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदाच ते सकाळी उठून कपडे करून कुठेतरी जात होते. मी तेव्हा अकरावीत होते. कधी त्यांच्याबरोबर गेले तर बघायचे, ते गायीशी बोलत असायचे. आमच्याशी बोलत नसत तेवढं.

गाय व्याली ती सकाळी. कालवड झाली. बाबांनी तिला गोणपाटाने पुसलं, आणि ती पाय झाडत उभी राहिली तेव्हा सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू उभं राहणं त्यांनीच तिला शिकवलं होतं. कालवड गायीला लुचायला निघाली, तेवढ्यात शेजारचे दूधवाले आले. त्यांच्या म्हशी होत्या, म्हणून आम्ही सगळं त्यांनाच विचारायचो.

"अरे भिया, अभी मत छोड़ो," ते म्हणाले. "पहला दूध गाढ़ा रहता है, बच्ची को पचेगा नहीं. पेट चल जाएगा."

बाबांनी कालवडीला बाजूला बांधलं. पहिला चीक सगळा आईने काढून घेतला. वेलची, गूळ घालून खरवस केला. आमच्याकडे कितीतरी दिवसांनी गोडधोड होत होतं. चाळीतल्या प्रत्येक दारात वाटी गेली. कालवड संध्याकाळपर्यंत हंबरत होती. दुसऱ्या दिवसापासून तिला थोडं थोडं पाजलं, बाकीचं बाबांसाठी.

आठवडाभरात तिला हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरांना आणलं तोवर ती मान उचलत नव्हती. त्यांनी तिचे डोळे पाहिले आणि विचारलं, "पहिला चीक पाजला होता का?"

"नाही," बाबा म्हणाले. "जड असतो ना तो."

डॉक्टरांनी तिची मान हळूच खाली टेकवली. मग म्हणाले, "जड कसला? रोगाशी लढायची ताकद वासराला त्याच्यातूनच मिळते. जन्मल्यावर लगेच, काही तासांतच पाजावा लागतो. तिच्यासाठीच असतो तो."

कालवड त्याच दुपारी गेली. आई आत स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

गायीने पान्हा सोडणं बंद केलं. आम्हाला वाटायचं, गाय म्हणजे दूध देणारच, नळासारखं. ती कोणासाठी देते, हे आमच्या मनातच आलं नव्हतं. दूधवाल्यांकडे यावरही उपाय होता. ते कालवडीचं कातडं सोलून, भुसा भरून, शिवून घेऊन आले आणि गायीपुढे उभं केलं. गायीने ते हुंगलं. मग ती चाटायला लागली, मानेवरून, पाठीवरून, जिथे शिवण होती तिथूनही. तिच्या सडांतून धार सुटली.

"देखा?" दूधवाले म्हणाले.

बाबांनी हातातली बादली खाली ठेवली. "ले जाओ इसको," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक होता की त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

त्यांनी परत तिचं दूध काढलं नाही. ती आटली, आणि सांवेरचा शेतकरी येऊन तिला घेऊन गेला. बाबा कोपऱ्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेले, त्यापुढे त्यांना दम लागला.

नंतर मीच त्यांना तुकोगंजमधल्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटो पाहून डॉक्टरांनी सांगितलं की रुईच्या धुळीने श्वासनळ्या कायमच्या खराब झाल्या आहेत. बाबांनी विचारलं, "दूध तो रोज पीता था, साहब. छाती साफ नहीं हुई?"

"दूध पेट में जाता है," डॉक्टर म्हणाले. "फेफड़ों तक पहुँचता ही नहीं. मुँह पर कपड़ा बाँधते तो कुछ फायदा होता."

घरी येताना सवारीच्या टेम्पोत बाबा बाहेर बघत होते. उतरल्यावर म्हणाले, "आईला हे दुधाचं सांगू नको, बेटा. एवढी वर्षं तिने प्रेमाने दिलंय."

त्यानंतरही आई पिशवीच्या दुधाचा पेला आणायची आणि ते तिच्यासमोर शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. भेटायला येणाऱ्या बायकांना आई सांगायची, "गाय आटली नसती तर वाचले असते." मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकायची.

बऱ्याच वर्षांनी ती माझ्याकडे राहायला आली. समोरच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू होतं. लाकडाच्या भुशाने माखलेला सुतार जिन्यात खोकत बसला होता. आई त्याला सांगत होती, "बेटा, रोज दूध-गुड़ लो. सब साफ हो जाता है." त्याने विश्वासाने मान हलवली.

मग मला गप्प बसवेना. त्याला म्हटलं, "भैया, नाक-मुँह पर कपड़ा बाँधो, और डॉक्टर को दिखाओ." आईला आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि तुकोगंजचे डॉक्टर काय म्हणाले होते ते सगळं सांगितलं. बाबांनी सांगू नको म्हटलं होतं, तेही.

ती बराच वेळ साडीचा काठ बोटांनी सरळ करत होती. मग म्हणाली, "मग तो चीक कालवडीलाच पाजायचा होता गं."

 रात्री जेवायला तिने नको म्हटलं. तरी मी दोघींपुरती खिचडी टाकली आणि शिजेपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिले.