शाळेच्या भिंतीतला भाकरीचा कोनाडा

चिखल तुडवणाऱ्या माणसांचे पाय गुंतलेले असतात आणि तोंडं मोकळी. त्यामुळे मातीच्या भिंतीबरोबर किस्सेही चढत जातात. आमच्या शाळेच्या वेळी तर भिंती कमी आणि किस्से जास्त झाले!

लढाई नुकतीच संपली होती. सिमेंट-लोखंड परवान्याशिवाय मिळत नव्हतं. शेवगावजवळच्या एका खेड्यात मी नवीन मास्तरीण, आणि शाळा भरायची लिंबाखाली. शेवटी गावानं ठरवलं, मातीचीच बांधू. भिंती सखाराम गवंडी घालणार, आणि चिखल तुडवायला आम्ही बायका. त्यात सगळ्यांत पुढे ख्रिस्ती वस्तीतली मार्थामावशी.

*

पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत पदर खोचून चिखलात उतरले, सपशेल घसरले आणि माझा चष्मा गेला. सगळ्याजणींनी पायांनी चाचपलं. छे! तोवर निम्मा चिखल भिंतीत गेला होता. मी अगदी रडकुंडीला आले.

सखाराम थापी मारता मारता म्हणाला, "जाऊ द्या बाई. आता भिंतीलाच नीट दिसंल. ओळंबा लावायचं काम वाचलं!"

*

माती, भूस आणि शेण कालवून चांगलं मुरवायचं, ही सखारामची शिस्त. ऐन उन्हात त्याचा वास काय सांगावा! नेमके तेव्हाच नगरहून शाळाखात्याचे एक साहेब आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "इथं काही मेलंय का?"

"मेलं न्हाई सायेब," मार्थामावशी म्हणाली, "शाळा मुरतीय. लोनच्यावानी!"

साहेबांनी चहासुद्धा न घेता मोटार वळवली. बरं झालं, घरात गूळ नव्हता.

*

विहीर आटली आणि काम अडलं. सखारामनं मारुतीला नारळ फोडला, पाऊस पाड म्हणून. त्याच संध्याकाळी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, छप्पर होईपर्यंत पाऊस नको!

मावशी दोघांनाही म्हणाली, "अवं, आधी दोघं मिळून एक काय ते ठरवा. वर गोंधळ हुतोय!"

*

सखाराम स्वतःची पाण्याची लोटी घेऊन यायचा. मावशीच्या घागरीतलं पाणी चिखलाला चालायचं, त्याला प्यायला चालायचं नाही. एक दिवस मावशीनं विचारलंच, "सखाराम, माझ्या पान्यानं भिंत बाटली न्हाई व्हय रं?"

"भिंतीला कुठली जात, मावशे?"

"मग तुला कुठनं आली?"

सखाराम थापी मारत राहिला. पण त्या दिवशी त्याची भिंत वाकडी येत होती, आणि उतरवून पुन्हा घालावी लागली.

*

भिंती झाल्या, छताची लाकडं चढली, आणि वर पसरायची पांढरी माती संपली. जुन्या गावठाणातली ही माती पाणी आत उतरू देत नाही. ती नसेल तर पहिल्याच पावसात भिंतींचा पुन्हा चिखल! आभाळ तर भरून येऊ लागलेलं.

तेव्हा मार्थामावशी म्हणाली, "माझ्या घरावरचं धाबं उतरवा. लई जुनी पांढरी हाय."

मावशीचा एकुलता एक लेक, येशुदास, लढाईवर ब्रह्मदेशाकडे गेला होता. बाकीची पोरं परत आली, त्याची मात्र काही खबर नव्हती. घर सोडून मावशी कुठे मुक्कामालासुद्धा जात नसे. म्हणायची, "लेक आला आन् घर दिसलं न्हाई, तर मागारी फिरंल." आणि आता तीच घर उतरवा म्हणत होती!

तिची अट एकच. लेक लहान असताना मजुरीला जाताना ती त्याची भाकरी ओसरीवर, दाराच्या डाव्या हाताला, एका कोनाड्यात ठेवायची. तसाच कोनाडा शाळेच्या दाराशी हवा.

सखाराम कुरकुरला, "शाळंला भाकरीचा कोनाडा? उद्या चूल बी मांडा!" पण मापं घ्यायला मावशीच्या ओसरीवर तोच गेला. शाळेला टेकून तिला खोलीही त्यानंच बांधून दिली.

शाळेच्या धाब्यातून पाण्याचा थेंब आत आला नाही. मावशी रोज कोनाड्यात भाकरी ठेवून रानात जायची. सुरुवातीला संध्याकाळी भाकरी तशीच दिसली, की मावशीचा चेहरा बघवत नसे. मग रोज ती संपलेली असायची. सखाराम आजूबाजूला कुणी नाही बघून घाईघाईनं खाताना मला दोनदा दिसला. मी त्याला न बघितल्यासारखं केलं. त्यापुढे भाकरीवर ठेचाही असायचा. मावशीला कुणी सांगितलं होतं, देव जाणे!

भादव्यातली गोष्ट. आम्ही बायका रानातून येत होतो आणि चावडीवर सगळं गाव बसलं होतं. तेवढ्यात शाळेकडून सखाराम धोतर सावरत पळत आला आणि भर चावडीसमोर ओरडला, "मार्थामावशे! माझी भाकर गेली! रोज मी खातो ती! कुनी सोल्जर हाय. कोनाड्याकडं बघितलं बी न्हाई, निस्ता हात घातला!"