बाद करायचं पुस्तक

आमच्या महाडच्या वाचनालयात टेबलाला सुतळीनं बांधलेली एक वही होती. सुतळी पेनाला नव्हती, वहीला होती. पेन चोरीला गेलं तरी चालेल, पण लोकांची मतं जागेवर राहिली पाहिजेत, असं ग्रंथपालांचं म्हणणं. वहीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘वाचकांचे अभिप्राय’. एखाद्या पुस्तकाबद्दल तीन वाईट अभिप्राय आले की ते पुस्तक समितीपुढे जायचं, आणि समितीला पटलं की रजिस्टरात त्याच्यापुढे लाल शाईनं शब्द पडायचा, ‘बाद’.

त्या वहीत माझं अक्षर सगळ्यात सुंदर होतं. हे मीच सांगतेय, कारण दुसरं कुणी सांगितलं नाही. मी शाळेत मराठी शिकवायचे, नुकतीच कायम झाले होते, आणि आपलं मत गावाला हवं आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्या वर्षी टीव्हीवर एक भुताटकीची मालिका लागायची. आठवड्यातून एकदा, जेवणं उरकली की. घाटातला एक जुना बंगला, एक जिना, आणि त्या जिन्यावरून पैंजण वाजवत उतरणारी हडळ. अख्खी गल्ली आमच्याकडे, कारण आमचा टीव्ही रंगीत. मी मात्र स्वयंपाकघरात बसून वह्या तपासायचे आणि दाराच्या फटीतून बघायचे.

मालिका चालू असतानाच तिच्यावरची कादंबरी बाजारात आली आणि आमच्या वाचनालयातही आली. मुखपृष्ठावर जिना आणि पांढरी साडी. मी ती उभ्या उभ्या चाळली, अकरा पानं वाचली, आणि वही ओढून लिहिलं: ‘अशा पुस्तकांनी वाचकांची अभिरुची रसातळाला जाते. ग्रंथालयासारख्या वास्तूत या वाङ्मयास थारा नसावा.’ खाली सही. ‘थारा’ या शब्दावर मी दोन दिवस खूश होते.

माझ्याखाली बाकीच्यांनी लिहिलं. एका दुकानदारांनी: ‘मालिकेत ती घाबरते तेव्हा आपण घाबरतो. पुस्तकात एकटी तीच घाबरते.’ एका ट्रकवाल्यानं: ‘कशेडी घाटातून रोज जातो. असे काही नाही. खड्डे आहेत.’ कुणीतरी पेन्सिलीनं: ‘पान ८९-९० फाडले आहे. तेवढीच भीती वाटली.’ आणि एका निवृत्त कारकुनांनी: ‘हडळीचे पाय उलटे असतात असे पान २० वर म्हटले आहे. मग ती जिना उतरते की चढते?’

आता आत्या. माझ्या वडिलांची मोठी बहीण, वर डोंगरात कुडपणला शेती. चौथीपर्यंत शिकलेली, पण चाळिशीनंतर डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं आणि वाचणं सुटलं. गावात सगळे म्हणायचे, म्हातारीचा डावा डोळा बाद झाला. त्या पावसाळ्यात आम्ही तिला महाडला आणलं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, दीड महिना आमच्याकडे मुक्काम, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद: टीव्ही बघायचा नाही.

आत्यानं ताकीद अक्षरशः पाळली. मालिका लागली की ती टीव्हीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायची.

“आत्या, हे काय?”

“बघायचा नाय म्हनलाय डागदर. ऐकायचा नाय असं कुठं म्हनलाय?”

असे पाच-सहा भाग तिनं भिंतीला तोंड करून ऐकले. पैंजण वाजले की आमच्या आधी तिला कळायचं. “आली बाय,” म्हणायची, आणि गल्लीतली पोरं किंचाळायची. मग भातकापणी आली आणि आत्या चष्मा घेऊन वर निघून गेली. कुडपणला तेव्हा टीव्ही कुठला? मालिकेचा शेवटचा भाग लागला त्या दिवशी नेमकी आमच्याकडेही लाईट गेली. अख्खं महाड अंधारात. हडळीचं पुढं काय झालं ते तालुक्यात कुणालाच कळलं नाही.

महाडहून पोलादपूरमार्गे वर जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर आमच्या गल्लीत राहायचा. त्याच्याकडून आत्याचा निरोप आला: “त्या पैंजणवालीचं काय झालं ते कळव. आणि कसलं पुस्तक निघालंय म्हनतात, ते पाठव. डोळं परत आलंत, वाचून बघते.”

डोळे परत आलेत, वाचून बघते. पंचवीस वर्षांनी ही बाई पुस्तक मागत होती, आणि मागितलं तेही नेमकं हेच. मी घाम पुसत ग्रंथपालांपुढं उभी राहिले आणि ती कादंबरी माझ्या नावावर घेतली. त्यांनी एकदा वहीकडे पाहिलं आणि रजिस्टरात नोंद केली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून मी ते कंडक्टरच्या हाती दिलं.

दर मंगळवारी तो निरोप आणायचा. निरोपात फक्त पानाचा आकडा असायचा. पहिल्या मंगळवारी, “पान अठ्ठावीस.” मग, “छप्पन.” तिसऱ्या आठवड्याला तो म्हणाला, “अठ्ठ्याऐंशी. आणि पुढचं पान कुणी फाडलं त्याचं नाव विचारलंय त्यांनी. नाव कळलं की सांगायचंय, त्या स्वतः येऊन बघतील म्हणाल्या.”

रोज चार पानं, क्वचित थोडी जास्त. कंडक्टरनं तिच्या शेजाऱ्याकडून ऐकलं होतं की सकाळची गुरं सोडली की ती ओटीवर बसते, बोट ओळीखाली ठेवते आणि मोठ्यानं वाचते. मनात वाचणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

इकडे पुस्तक आठ दिवसांचं. चौथ्या आठवड्याला ग्रंथपाल चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “बाई, रसातळाला जायला इतका वेळ लागतो?”

मी म्हटलं, “बारकाईनं वाचतेय.”

“वाचा, वाचा. समितीची सभा लावलीय पुढच्या पंधरवड्यात. अभिप्राय भरपूर झालेत. अध्यक्षांनी तुमचाच अभिप्राय वाचून दाखवायला सांगितलाय. त्यांना ‘थारा’ फार आवडला. सभेला पुस्तक घेऊन या.”

झालं. माझ्याच सुंदर अक्षरानं मी आत्याचं पुस्तक बाद करायला निघाले होते, आणि तिची अजून साठ-सत्तर पानं राहिली होती. मी निरोप पाठवला: रविवारी सभा आहे, पुस्तक बाद होणार आहे, झालं तेवढं पुरे, पाठवून दे, शेवट मी कुठून तरी विचारून कळवते.

उत्तरात या वेळी आकडा नव्हता. कंडक्टर म्हणाला, “नुसतं ‘बाद?’ म्हणाल्या. दोनदा.”

रविवारी साडेचारला सभा होती. मी रिकाम्या हातानं गेले. काय बोलायचं ते मनात घोकत होते. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. वाचनालयाच्या पायरीवर आत्या बसली होती. नऊवारी, पायांवर वाटेची धूळ, मांडीवर जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं पुस्तक. एसटी गाठायला ती पहाटेपासून उतार उतरत होती.

“आत्या, तू कशाला आलीस गो? पाठवून द्यायचं.”

“वाचून संपल्याबिगर देनार नाय. नऊ पानं राहिलीत. एसटीत अक्षर हलतं, नायतर तिथंच संपवलं असतं.”

आत समितीचे चौघे बसले होते. अध्यक्ष म्हणजे निवृत्त अधिकारी, इस्त्रीचा सदरा, बोलण्याआधी घसा साफ करायची सवय. मी आत्याची ओळख करून दिली. त्यांनी घसा साफ केला.

“आजी, बसा. हे पुस्तक आम्ही बाद करतोय. म्हणजे तसा ठराव आहे.”

“बाद म्हंजे?”

“म्हणजे निकामी. वाचण्यालायक नाही.”

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. “माझा ह्यो डोळापन बाद म्हनलेवते गावात. ह्याच डोळ्यानं वाचलंय म्या एकशे सदुसष्ट पान. नऊ राहिलीत. तेवढी होऊ द्या, मग काय बाद करायचं ते करा.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, ग्रंथपालांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मी प्रथमच न घोकलेलं वाक्य बोलले. “सर, वाचू द्या. नाहीतर मी सभेला बसणार नाही.”

मी नसले तर सभा अडणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणी तसं म्हणालं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आत्या बाकावर बसली. डोक्यावर पाटी: ‘शांतता राखा’. तिनं बोट ओळीखाली ठेवलं आणि मोठ्यानं सुरू केलं. ग्रंथपाल उठले, पाटीकडे बोट दाखवणार इतक्यात तिनं वाचलं, “तेवढ्यात... जिन्यावर... पैं-जण...” आणि ते तसेच खाली बसले.

ती अक्षर जोडत, अडखळत वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची, मागं जायची, पुन्हा चढायची. हडळ जिन्यावर असायची आणि आत्या ‘निःश्वास’वर अडकलेली असायची. त्या थांबण्यामुळे भीती दुप्पट व्हायची. वर्तमानपत्र चाळणारे दोघे खुर्च्या सरकवत जवळ आले. ट्रकवाला पुस्तक बदलायला आला होता, तो दाराला टेकून उभा राहिला. अध्यक्ष कधी शेजारच्या बाकावर आले ते कळलंच नाही.

“शेवटच्या भागाला तुमच्याकडे पण लाईट गेली होती का, सर?” मी हळूच विचारलं.

“श्शू,” अध्यक्ष म्हणाले.

तासाभरानं पान एकशे शहात्तर आलं. नायिका जिन्याच्या खालच्या पायरीवर, हडळ वरच्या. दोघींच्या मधे एक दिवा. आत्यानं वाचलं, “दिवा... विझला.” मग खाली बोट सरकवलं. “पु-ढील... थरार... पाहा... छोट्या... पडद्यावर.”

तिनं पान उलटलं. मागं कोरं. अजून एक उलटलं, तिथं प्रकाशकाच्या दुसऱ्या पुस्तकांची यादी.

“नाय?” आत्या म्हणाली.

“नाही,” ग्रंथपाल म्हणाले.

वाचनालयात खरीखुरी शांतता होती. मग ट्रकवाला म्हणाला, “मायला, शेवटच नाय?” आणि सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच तो लपवला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दुकानदार, ट्रकवाला, कारकून, पेन्सिलवाला आणि मी. त्या वहीत मतं सगळ्यांची होती, पण शेवटचं पान एकानंही पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर पहिली तक्रार हीच आली असती.

“वही द्या,” आत्या म्हणाली.

वही बांधलेली, म्हणून तिलाच टेबलाशी नेलं. तिनं आधीचे अभिप्राय एकेक करून वाचले. अर्थातच मोठ्यानं. माझ्या अभिप्रायापाशी आल्यावर थांबली. “ह्ये अक्षर तुजं. मला वाचता येत नाय, वळणदार हाय. तू वाच.”

मी वाचलं. ‘रसातळाला’ भरभर म्हटलं, ‘थारा’ तर गिळूनच टाकला.

“किती पानं वाचलीस?”

“अकरा.”

“मग तसं लिव ना गो.”

पाच-सात माणसांसमोर, समितीसमोर, ट्रकवाल्यासमोर मी माझ्या सहीखाली लिहिलं: ‘वरील मत अकरा पानांवर आधारित आहे.’ तेवढं एक वाक्य मी वळण न काढता लिहिलं.

मग आत्यानं पेन घेतलं. बराच वेळ लागला. मोठी, सुटी सुटी अक्षरं, ओळ चढणीला लागलेली: ‘अक्शर ठळक हाय. मी सगळे वाचले. ८९ ९० नाय. शेवट नाय. दुसरे द्या. याच्याहून जाड.’

अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं, घसा साफ केला आणि ठरावाच्या कागदावर आडवी रेघ मारली. “पूर्ण वाचलेल्या माणसाचं हे एकच मत आहे,” ते म्हणाले. “आणि त्यात बाद करा असं कुठं लिहिलेलं नाही.”

ग्रंथपाल कपाटाकडे गेले आणि चारशे पानांची एक कौटुंबिक कादंबरी घेऊन आले. आत्यानं आधी शेवटचं पान उघडून पाहिलं. ‘समाप्त’ लिहिलेलं होतं. मग तिनं ती धडप्यात गुंडाळली आणि हडळीची कादंबरी माझ्या हातात ठेवली.

पुढच्या मंगळवारी कंडक्टर दारात आला. मी वह्या तपासत होते, या वेळी बाहेरच्या खोलीत.

“पान अठ्ठावीस,” तो म्हणाला. “आणि तुम्ही कुठवर आलात ते विचारलंय.”