गाडीवाटेवरचा गुन्हा

डांबर संपलं की कायदाही संपतो, असं माझं मत होतं. ते कुणी विचारलं नव्हतं. पण वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त होऊन एक जुनी फोर-व्हील जीप विकत घेतल्यावर हे मत पक्कं होत गेलं, कारण त्याच्याशिवाय ती जीप चालवणं अवघड होतं.

आधीच्या मालकानं जीपवर बराच जीव लावलेला होता. मापापेक्षा मोठे टायर, पुढं लोखंडी बंपर, त्यावर चिखलातून गाडी ओढून काढायची विंच. नोंदणीच्या कागदावर यातलं काहीही नव्हतं. विमा संपला होता आणि पीयूसी त्याच्याही आधी. मी स्वतःला समजावलं होतं की ही रस्त्यावर चालवायची गाडीच नाही, मग तिला रस्त्याचे नियम कशाला. दौलताबादच्या मागच्या माळावर मी तिला फिरवत असे. त्या माळापर्यंत पोचायला अर्धं शहर डांबरावरूनच ओलांडावं लागे. त्या अंतराचा विचार मी करत नसे.

अज्ञान हे कारण मला देता येणार नाही. डेस्कवर असताना आठवड्याची कायदेविषयक प्रश्नोत्तरं माझ्याच हातून जात. एक वकील उत्तरं पाठवत आणि मी ती जागेत बसवत असे. मोटार वाहन कायद्यातली सार्वजनिक जागेची व्याख्या मला जवळपास पाठ होती. जिथं लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे, ती सार्वजनिक जागा. तिथं गाडी आणायची तर परवाना हवा, विमा हवा. वकील पुढं खुलासा करत की वाट पक्की आहे की कच्ची, याचा संबंध नाही. हा खुलासा मी बहुधा जागेअभावी काढत असे. स्वतःसाठीही तो काढलेलाच ठेवला होता.

फुलंब्रीच्या अलीकडं एका गावात माझी चुलत बहीण शेती करते. नवरा वाळूजला कंपनीत, त्यामुळे शेत तिच्याच अंगावर. तिनं अद्रक लावलं होतं. गावापासून तिच्या शेतापर्यंत एक गाडीवाट जाते, आणि मधल्या टप्प्यात तिच्या दोन्ही बाजूंना एकाच शेजाऱ्याची जमीन आहे. त्यानं वाटेवर आडवा बांध घातला आणि सांगायला सुरुवात केली की ही नुसती पाऊलवाट आहे, इथून गाडी कधी गेलेलीच नाही. आदल्या वर्षी बहिणीनं माल डोक्यावरून गावापर्यंत आणला. मजूर दोन दिवसांत कंटाळले आणि बराच माल जमिनीतच सडला. या वर्षी व्यापाऱ्यानं साफ सांगितलं होतं की टेम्पो शेताच्या बांधाला लागला तरच सौदा. तिनं तहसीलमध्ये अर्ज केला, शेजाऱ्यानं उत्तर दिलं, आणि मंडळ अधिकारी जागेवर पाहणीला येणार असं ठरलं.

तेव्हा तिचा फोन आला. साहेब लोकांसमोर काय बोलायचं, काय नाही, एवढंच तिला विचारायचं होतं, कारण घरात पेपरात काम केलेला मी एकटाच. तिला सल्ला हवा होता. मी जीप देऊ केली. शेजाऱ्यानं लेखी म्हटलं होतं की वाटेतल्या नाल्यातून गाडी जाऊच शकत नाही. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नेऊनच दाखवतो, असं मी म्हणालो. गावातला ट्रॅक्टरवाला शेजाऱ्याचा साडू होता, तो येणार नव्हता. दुसरी गाडी मिळण्यासारखी नव्हती म्हणून ती हो म्हणाली. तिला माझी कल्पना आवडली, असा अर्थ मी घेतला.

पाहणीच्या दिवशी वाटेच्या तोंडाशी सगळे जमले. मंडळ अधिकारी बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी माझ्या जीपच्या बॉनेटवर गावाचा नकाशा पसरून दोन तुटक रेघा दाखवल्या. नकाशात गाडीवाट आहे, आता जागेवर काय आहे ते बघू, एवढंच त्या बोलल्या. भांडण होऊ नये म्हणून ठाण्यातून एक जमादार आले होते. गावातले दोन पंच होते. शेजारी पांढऱ्या कपड्यांत, मोबाईल हातात धरून उभा होता. त्यानं मला राम राम केला आणि पाव्हणं सरकसवाले का, असं विचारलं.

मी जीप काढली. नाला कोरडा होता. साधी टमटमही सावकाश गेली असती. तरीही मी चारही चाकांचा जोर लावला, इंजिनचा मोठा आवाज केला आणि कातळावरून गाडी तिरपी करून वर काढली. आडव्या बांधावर तर थोडा वेळ मुद्दाम थांबलो. बहिणीच्या शेताच्या कडेला पोचून उतरलो तेव्हा टाळ्या वाजतील अशी माझी कल्पना असावी, कारण कुणीच वाजवल्या नाहीत हे माझ्या लक्षात राहिलं आहे. बाई चालत आल्या आणि लिहू लागल्या. एका वाक्यात काम झालं होतं. वाहन गेलं, असं त्यांनी लिहिलं.

माझ्या तोंडानं ते बिघडवायला फार वेळ लागला नाही.

शेजारी जमादारांकडं गेला आणि त्यानं मोबाईल त्यांच्यासमोर धरला. गाडीचा नंबर टाकला की कागदांची अवस्था फोनवर दिसते, हे मला माहीत होतं. ते त्यालाही माहीत असेल, हे मी धरलं नव्हतं.

"जमादार, हे बघा, इमा संपलेला हाय," तो म्हणाला. "रस्त्यावर अशी गाडी चालती व्हय? उद्या एखादं लेकरू खाली आलं म्हंजी?"

जमादारांनी मोबाईल पाहिला, मग टायर पाहिले, मग बंपर, आणि शेवटी माझ्याकडं. कागद आहेत का, असं त्यांनी विचारलं. त्या प्रश्नाला एका शब्दाचं खरं उत्तर होतं. मी व्याख्या सुरू केली. आवाज चढवला नाही. डेस्कवर नवीन मुलांच्या बातम्या दुरुस्त करताना बोलत असे तसा सावकाश बोललो. विम्याची सक्ती सार्वजनिक जागेपुरती आहे. सार्वजनिक जागा म्हणजे जिथं लोकांना जाण्याचा हक्क आहे ती. आपण उभे आहोत तिथं डांबर नाही, खडी नाही, पाटी नाही. दोन्ही बाजूंना शेत आहे, मध्ये मातीचा बांध आहे. हा रस्ता नाही. सबब गुन्हा होत नाही. 'सबब' हा शब्द मी खरोखर वापरला.

बोलणं नेमकं होतं, मुद्देसूद होतं. शेजारी अतिशय लक्ष देऊन ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत होतं. मला वाटलं, मी त्याला पटवून दिलं.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "हा लोकांचा रस्ता नाही, असं अर्जदाराच्या भावाचं म्हणणं आहे. असं लिहू का?"

बहीण बांधावर उभी होती. ती खाली आली आणि माझ्यासमोर थांबली.

"दादा, तू आमच्याकडनं आलास का त्यांच्याकडनं?"

ती रागावलेली नव्हती. खरंच विचारत असल्यासारखं तिनं विचारलं, आणि ते मला ऐकवलं नाही. तिच्या पाठीमागं अद्रकाचे वाफे होते. पाला वाळून आडवा पडलेला, माल काढणीला आलेला. आदल्या वर्षी याच वाफ्यांतून सडका माल तिनं हातानं उपसून बाहेर टाकला होता. या वर्षीचं पीक बाहेर निघणार की नाही, हे बाईंच्या पुढच्या ओळीवर होतं, आणि ती ओळ मी त्यांना सांगून बसलो होतो.

मी बाईंना म्हणालो की तसं लिहू नका, मी चुकलो. मग जमादारांकडं वळून सांगितलं की माझा विमा संपलेला आहे, पीयूसी नाही, टायर आणि बंपर नोंदणीप्रमाणे नाहीत, आणि ही गाडी मी आत्ता लोकांच्या रस्त्यावर चालवली आहे. दंडाची पावती करा.

आता शेजारी अस्वस्थ झाला. त्याला हिशेब माझ्याआधी कळला असावा. "जाऊ द्या जमादार," तो म्हणाला, "पाव्हणा माणूस हाय. एकडाव सोडा."

मी सोडू नका म्हणालो. तो सोडा म्हणाला. गुन्हेगार दंड मागतोय आणि तक्रारदार त्याच्यासाठी माफी मागतोय, हे ऐकत जमादार टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले. शेवटी त्यांनी पावतीचं मशीन काढलं आणि ठिकाण काय टाकू, असं विचारलं. शेत टाका, शेजारी लगेच म्हणाला. शेतात मला पावती करता येत नाही, तुम्हीच तर रस्त्यावरची तक्रार केली, असं जमादार म्हणाले, आणि गावाचं नाव टाकून पुढं गाडीवाट लिहिलं. जीपचा फोटो काढताना त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं.

माझ्या अंगात पुन्हा डेस्क संचारला. मी बाईंना सुचवलं की आता या पावतीवरून रस्ता सिद्ध झाला आहे. त्यांनी मान हलवली. पावतीनं रस्ता ठरत नाही, त्या म्हणाल्या. नकाशा, वहिवाट आणि जागेवर जे दिसलं ते, एवढंच त्या लिहिणार. मग त्यांनी पंचांसमोर लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यात जीप होती, नाला होता, बांध होता. आणि शेजाऱ्याचं म्हणणंही होतं, त्याच्याच शब्दांत, की या रस्त्यावर विम्याशिवाय गाडी चालवली जात आहे. सही करण्याआधी तो बराच वेळ कागद धरून उभा होता. पंचांपैकी एकानं त्याला पेन दिलं.

निघताना जमादारांनी मला गाडी हलवू नका म्हणून बजावलं. विमा काढेपर्यंत, मूळ मापाचे टायर लागेपर्यंत ती या वाटेवर आणायची नाही. मी वाट सार्वजनिक आहे असं इतकं ठासून सांगितलं होतं की आता माझ्याच जीपला परत जायला जागा उरली नव्हती. ती बहिणीच्या शेतात राहिली. मी फुलंब्रीहून एसटीनं घरी आलो.

तहसीलचा हुकूम काही आठवड्यांनी आला. माझी पावती त्यात नव्हती, मीही नव्हतो. बांध काढला गेला. शेजारी त्या दिवशी गावात थांबला नाही.

टेम्पो येणार होता त्या सकाळी मी गेलो. जीपचे टायर अजून बदलायचे होते आणि ती नेमकी टेम्पो वळवायच्या जागेत उभी होती. बहिणीनं तिच्यावर गोण्या वाळत घातल्या होत्या. त्या काढून मी जीप थोडी मागं, शेतात घेतली. पूर्णपणे खासगी जागेत, कुणाचाही रस्ता न अडवता. माझ्या मताप्रमाणे विमा न लागणारा तेवढाच प्रवास तिच्या नशिबी होता.

टेम्पो नाल्यातून आला, वळला आणि थेट वाफ्यांना लागला. दुपारपर्यंत माल भरून झाला. बहीण प्रत्येक गोणीवर हात ठेवून बघत होती. शेवटची गोणी वर गेली तेव्हा ती केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली. मागं गोण्यांवर जागा हाय, तू बी चढ, असं तिनं मला सांगितलं.

मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवायला कायद्यानं बंदी आहे, असं मी म्हणालो.

"मग ये चालत," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

टेम्पो गेला. मी मागून गावापर्यंत चालत आलो. वाटेवर दोन चाकोऱ्या उमटल्या होत्या, आणि चालायला मधली जागा बरी होती.