पावणं मैदानावर येऊ देत

मंडळी, आज सकाळी मैदानावर माझं डोकंच फिरलं.

माझ्या टीममधल्या एका पोरीचे वडील उचगावहून आले. म्हणाले, "मॅडम, हिची हॉकी आजपास्नं बंद. नडगीवर वळ उठलेत. रविवारी पावणं बघायला येणार हायत. चालून दाखव म्हटलं, तर लंगडती की ही!"

मलाही एकदा पावण्यांनी चालून दाखवायला सांगितलं होतं. मी उठले ती थेट मैदानावर गेले. पुढं इथली पहिली बाई हॉकी कोच झाले.

पोरीच्या वडलांना म्हटलं, "पावण्यांना हितंच आणा की. पोरगी खेळून दाखवंल. पोराला गोलमध्ये उभा करू. आमाला बी बघू दे, कसा हाय त्यो."

माझं काय चुकलं, सांगा.

रविवारी सराव सकाळी सहाला आहे. पावण्यांनी बूट घालून यावं.