उणे एकचा मंगळ

ललितला आपल्या हुशारीचा भारी माज होता, हे आधीच सांगून टाकते. नवागामच्या गरीब वस्तीतल्या लूम कामगाराचा पोरगा रिंग रोडवरच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, याचं कौतुक त्याची आई शोभाबाई गल्लीभर सांगत फिरायची. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर. मी पुण्याची, म्हणून मला तो 'प्राजक्तामॅडम' म्हणायचा, तेही चिडवायला.

नव्व्याण्णव साली दिवाळीनंतर त्यांच्या समाजाचा वधू-वर मेळावा होता. मुलामुलींची माहिती कॉम्प्युटरवर चढवून प्रत्येकाचं छापील पान काढायचं काम ललितने हौसेने अंगावर घेतलं. माहिती एका फाइलीत, ती पानावर कशी मांडायची ते दुसऱ्या फाइलीत; या दुसरीला स्टाइलशीट म्हणतात. पण पत्रिकेत मंगळ आहे का, हे स्टाइलशीटला कुठून कळणार? ते एका जोतिषाच्या प्रोग्रामला, म्हणजे बाहेरच्या फंक्शनला, विचारायचं. मंगळ असला तर ते एक सांगे, नसला तर शून्य. आणि गणितच जमलं नाही तर उणे एक.

"उणे एक आलं तर काय छापणार?" मी विचारलं.

"नाही येणार, मॅडम. आलंच तर बघू."

बघू म्हणे. त्याने स्टाइलशीटला एवढंच सांगून ठेवलं होतं: शून्य असेल तर 'मंगळ नाही', नाहीतर 'मंगळ आहे'. म्हणजे तिकडे फंक्शन बापडं 'मला नाही हो कळत' म्हणतंय आणि इकडे कागदावर ठसठशीत मंगळ उमटतोय. गणित कधी जमत नसे? जन्मवेळ दिलेली नसली की. आणि जन्मवेळ कोणाकडे नसते? ज्याच्या घरी घड्याळ नसतं, त्याच्याकडे. नवागामच्या खोलीत बाळंत होणाऱ्या बाईने कळा सोसायच्या की वेळ बघायची?

त्याची बहीण चंचल अशाच खोलीत जन्मली होती. चलथाणच्या एका मुलाशी तिचं जवळजवळ ठरलं होतं, दोघं एकमेकांना मनापासून आवडले होते. मेळाव्यात मुलाच्या वडिलांनी तिचं पान वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि समोरचा चहा तसाच टाकून उठले.

ललित त्यांच्यामागे धावला. ही प्रोग्रामची चूक आहे, मंगळ नाही, उणे एक आहे, असं कायकाय सांगत राहिला. म्हातारा शांतपणे म्हणाला, "सख्ख्या भावानेच छापलंय ना? मग खरंच असणार."

समाजाचे अध्यक्ष राघोशेठ त्याहून बेरकी. चूक जाहीर करा म्हटल्यावर म्हणाले, "एक पान खोटं म्हटलं की सगळीच खोटी ठरतील. तुझ्या बहिणीपायी समाजाची अब्रू घालवू काय?"

घरी शोभाबाई त्याला ताट वाढता वाढता त्यांच्या बोलीत म्हणायची, "तुना कम्प्युटरनी मनी पोरनं वाटोळं कयं." वाढायची थांबली नाही, म्हणायचीही थांबली नाही.

मग शहाण्याने स्टाइलशीट सुधारली. आता उणे एक आलं की 'जन्मवेळ माहीत नाही' असं छापून यायचं. काय उपयोग? जुनी पानं केव्हाच घरोघर पोचली होती.

मंगळाच्या मुलीला मंगळाचाच नवरा बघतात. कोसाडचा बन्सीलाल मिळाला. चाळिशी उलटलेला, पहिल्या बायकोला मारून मारून माहेरी घालवलेला. हे साऱ्यांना ठाऊक होतं. पण त्याच्या पानावर मंगळ होता, आणि तेवढंच बघितलं गेलं.

हळदीच्या दिवशी ललितला काय सुचलं कोण जाणे, त्याने बन्सीलालची माहिती सुधारलेल्या स्टाइलशीटमधून काढून पाहिली. कागद घेऊन तो घरी पळत आला. मी तिथेच होते. चंचलने हळदीच्या हातांनी कागद धरला आणि वाचला: जन्मवेळ माहीत नाही.

"म्हणजे तेही उणे एक, मीही उणे एक," ती म्हणाली. "जुळलं की रे, भाऊ."

कागद तिने घडी घालून त्याच्याच खिशात ठेवला आणि पुन्हा पाटावर जाऊन बसली.