पिण्याच्या पाण्यात पाय

गेल्या ऑगस्टमध्ये मी हट्टाला पेटले. यंदा सहल भंडारदऱ्यालाच, आणि यंदा मी धबधब्याखाली उभी राहून भिजणार, डोक्यापासून पायापर्यंत. पाथर्डीकडच्या आमच्या गावात हे सुख माझ्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. पाऊस आमच्याकडे घाईतल्या पाहुण्यासारखा येतो, चहालाही थांबत नाही. उन्हाळ्यात टँकर, एरवी आठवड्यातून एकदा नळ. आलेलं पाणी कुणी किती वापरायचं हे माझ्या सासूबाई ठरवतात. न्हाणीघरात कुणी एक तांब्या जास्त ओतला तर त्यांना ओट्यावर बसून आवाजावरून कळतं. "कोन हाय गं आत? हौद फुटलाय का?" अशी हाक आली की आतला माणूस अर्धा साबण अंगावर ठेवून बाहेर येतो.

निघायच्या पहाटे त्यांनी दशम्यांच्या आधी पाण्याचे दोन मोठे जार आणि फडकं बांधलेली एक भरली कळशी जीपमध्ये चढवली.

"आई, आपण धरणाला चाललोय," मी म्हणाले.

"धरन लोकांचं हाय. पानी आपलं आपल्याजवळ असावं."

गाडी दीर चालवत होता. मागे जाऊ आणि चार पोरं कोंबली होती, आणि कळशी सासूबाईंच्या मांडीवर होती. सगळं सुखरूप पार पडलं असतं, पण माझा नवरा शाळामास्तर. अकोले मागे पडलं तशी त्याला भूगोल शिकवायची हुक्की आली. "आई, इथले सगळे ओढे धरणात जातात. तिथून प्रवरेनं पार संगमनेर, राहात्यापर्यंत. लोक हेच पाणी पितात." मी त्याला जोरात चिमटा काढला, पण तोवर सासूबाई ताठ बसल्या होत्या. आता काय होणार ते मला दिसायला लागलं.

झालंही तसंच. रस्त्यालगत एका धबधब्यापाशी आम्ही उतरलो. पोरांनी चपला भिरकावल्या आणि सासूबाई गरजल्या, "माघारी फिरा! पिन्याच्या पान्यात पाय घालता?" आमच्या घरात पिण्याच्या हंड्याला धुतलेला हातसुद्धा लागत नाही. लांब दांड्याच्या ओगराळ्यानंच पाणी घ्यायचं. इथे तर अख्खं कुटुंब पायांसकट आत उतरायला निघालेलं. "खाली राहात्याची बाई हंडा भरती, तिला काय तुमच्या पायाचं पानी पाजता?"

शेजारी कुठलीतरी शहरातली मंडळी गाण्यावर नाचत भिजत होती आणि आम्ही आठ जण छत्र्या उघडून ओळीत उभे. जाऊनं हौसेनं शाम्पूच्या पुड्या आणल्या होत्या, त्या जप्त झाल्या. सासूबाईंनी परक्या पोरांनाही सोडलं नाही. "बाळा, वर चढून थुकू नको रं," असं त्या दोघा-तिघांना सांगून आल्या, आणि नवल म्हणजे त्या पोरांनी ऐकलं.

"आई, खाली पाणी शुद्ध करून देतात," मी शेवटचा प्रयत्न केला.

"शुद्ध करत्यात म्हनून आपन घान करायची व्हय?"

मला राग आला आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. पन्नाशीला टेकलेली बाई धबधब्याशेजारी छत्रीत उभी राहून डोळे पुसते आहे, हे कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. मी तोंड फिरवलं.

कडेला ताडपत्रीखाली एक बाई कणसं भाजत होती. सासूबाईंनी तिच्याकडून कणीस घेतलं आणि तिथल्याच दगडावर बसल्या. "तुमी लई नशिबाच्या गं," त्या तिला म्हणाल्या. "दारात एवढं पानी."

ती हसली. "कशाचं आजी! हे समदं खाली निघून जातं. एप्रिल-मेमधी आमी दरीतल्या झऱ्यावर जातो. वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो."

सासूबाईंचं चावणं थांबलं. "धरनाच्या काठाला ऱ्हाऊन?"

"काठाला ऱ्हाऊन."

"मग आत्ता काय करता?"

"आत्ता भिजतो की. शेतात भिजतो, वाटंनं भिजतो. उन्हाळ्यात कुनाकडं मागायचं?"

मग दोघींचं जे बोलणं सुरू झालं! फडकं किती पदरी बांधून गाळायचं, झऱ्यावर नंबर कधी लावायचा, कमरेवर दुसरा हंडा कसा तोलायचा. आम्ही सगळे विसरले गेलो. बऱ्याच वेळानं सासूबाई उठल्या, अर्धं कणीस माझ्या हातात दिलं, चपला काढल्या आणि पदर खोचला.

"साबन न्हाई, थुकायचं न्हाई, चूळ भरायची न्हाई. आनि बारक्यांनी आधी त्या झाडामागं जाऊन यायचं."

पोरं झाडाकडे धावली. सासूबाईंनी वाकून पाण्याला बोटं लावली, ती कपाळाला टेकवली आणि माझा हात धरून सरळ धारेखाली गेल्या. मी किंचाळलेच. इतकं गार, इतकं जड पाणी! नवरा काठावरून काहीतरी ओरडत होता, ऐकू काहीच येत नव्हतं. मी हसत होते आणि सासूबाईही हसत होत्या, तोंड उघडं टाकून.

मग त्यांनी माझा अंबाडा सोडला आणि कानाशी तोंड आणलं. "तू नवी हुतीस. पयल्या उन्हाळ्यात केस धुवायला एक तांब्या जादा मागितला हुतास. मी दिला न्हाई."

मला वाटायचं, त्या हे कधीच विसरल्या असतील. पंचवीस वर्षांत मी ते निम्म्या गावाला तिखटमीठ लावून सांगितलं होतं.

"वाक खाली," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी माझे केस चोळायला लागल्या.