गुरुजींच्या अक्षरातला कायदा

गुरुजी तोंडी काहीच ऐकून घेत नसत. शाळेत उशिरा येणाऱ्यानं कारण पाटीवर लिहून दाखवायचं, मगच वर्गात बसायचं. "बोललेलं फिरवता येतं, लिहिलेलं न्हाई," असं ते म्हणत. राणीसावरगावच्या पलीकडच्या आमच्या वस्तीत शिकलेले ते पहिलेच. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे मी गंगाखेडला वकिली करू लागले, ती त्यांच्यामुळेच.

इतिहासाच्या तासाला लढाया ते भराभर उरकत आणि एकाच गोष्टीवर रेंगाळत. फार पूर्वी बाबिलोनच्या एका राजानं आपले कायदे काळ्या दगडावर कोरून घेतले होते, ती गोष्ट. "लिहायच्या आधीबी कायदे होतेच," ते सांगत, "पण ते मोठ्यांच्या तोंडात असायचे. ज्याचं तोंड, त्याचा कायदा."

आमच्या जातपंचायतीत तेच चाललं होतं. परजातीच्या घरी जेवल्याबद्दल एका पंचाच्या पुतण्याला नुसती समज मिळाली, आणि त्याच चुकीसाठी विधवा कौसाबाईला पाच वर्षं वाळीत टाकलं. तिला हापशावर कुणी येऊ देईना. ते पाहून गुरुजी पंचांसमोर वही घेऊन बसले आणि एकेक नियम वदवून घेतला. वाईट नियमही तसेच उतरवले. मी विचारलं, "हेबी लिहिता, गुरुजी?"

"आधी कागदावर येऊ दे. डोळ्यांना दिसलं की लोकच खोडायला लावतील."

कुणी खोडायला लावलं नाही. दुजाभाव तेवढा थांबला. पण पूर्वी एखाद्यावर दया व्हायची, तीही थांबली.

मग पाथरीला नर्स असलेल्या त्यांच्या मुलीनं, सुमित्रानं, जातीबाहेर लग्न केलं. मुख्य पंचांनी भर बैठकीत वही उघडून वाचली. मुलगी बाहेर, आणि तिच्याशी संबंध ठेवील तोही बाहेर.

"अक्षर तुमचंच हाय नव्हं, गुरुजी?"

"माझंच."

"मग लेकीला तोडली म्हणा. विषय मिटला."

"लेक न्हाई तोडत. शिक्षा द्या."

त्या दिवसापासून वस्ती त्यांच्याशी बोलेना. गिरणीतून दळण परत येई. माझ्या आईलाही वाळीत टाकतील या भीतीनं मी त्यांना वस्तीत भेटत नसे. ते एसटीनं गंगाखेडला येत, तेव्हाच आमचं बोलणं होई. हे सांगताना आजही मान खाली जाते.

बहिष्काराविरुद्ध सरकारी कायदा झाला, तेव्हा मी त्यांच्यासाठी तक्रार तयार केली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही न करता कागद परत दिला.

"गुरुजी, ह्यानं पंच आत जातील."

"आन् वही लिवणारा बाहेर कसा राहील?"

दोन उन्हाळ्यांनंतर ते गेले. तेव्हा मात्र मी वस्तीत गेले. तिरडीला सुमित्रा, तिचा नवरा आणि मी, अशी तिघंच होतो. चौथा खांदा पाथरीहून त्या दोघांना घेऊन आलेल्या जीपच्या ड्रायव्हरनं दिला. चालता चालता त्यानं हळूच विचारलं, "मयत कुनाची हाय, ताई?"

"माझे वडील," सुमित्रा म्हणाली. "मास्तर होते इथले."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, त्यांनी ज्यांना लिहायला शिकवलं होतं त्यांची घरं होती. एकही दार उघडलं नाही.